मेसचा रेट आणि मावशींच्या पोळ्या

आमच्या हॉस्टेलच्या मेसबाहेर एक फळा आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यावर खडूने एकच आकडा लिहिला जातो : रेट! म्हणजे माणशी, दिवसाचा, दोन वेळच्या जेवणाचा खर्च. एरवी त्या फळ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण रेट लागला की फर्स्ट इयरपासून बी.ई.पर्यंत सगळे माना वर करून उभे. मेस सेक्रेटरीची वर्षभराची इज्जत त्या आकड्यावर. उतरला तर 'सेक्रेटरी भारी', चढला तर 'खाल्ले रे पैसे!'

टी.ई.ला असताना ही सेक्रेटरीकी माझ्या गळ्यात पडली आणि चार-पाच महिन्यांत मी एक चांगली चालणारी मेस बंद पाडून दाखवली. ऐन परीक्षेत, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत वडापाववर ज्यांनी पेपर दिले त्यांनी मला अजून पुरतं माफ केलेलं नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

तर मित्रहो, या लेखाला प्रायश्चित्त म्हणा हवं तर. विषय तसा मॅनेजमेंटवाल्यांचा आहे. धंदा वाढवायचा आणि वाढलेला टिकवायचा, तर मोजायचं काय? याला त्यांनी 'परफॉर्मन्स मेजरमेंट फ्रेमवर्क' असं भारदस्त नाव दिलंय. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीत हे शब्द सगळेच पाठ करतात. मला मात्र ते आधी स्वयंपाकघरात भेटले आणि मग पुस्तकात.

आधी हिशोब सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, पण चित्र तेच आहे. जुलैत आमचे १२० मेंबर होते. किराणा, भाजी, दूध, गॅस असा माणशी दिवसाला ६८ रुपये खर्च. मेंबर वाढले की हा खर्च त्याच प्रमाणात वाढतो. याशिवाय महाराज, मावशी, भांडी घासणारा पोऱ्या यांचे पगार आणि किरकोळ खर्च मिळून दिवसाला ३००० रुपये. मेंबर किती का असेनात, हे द्यावेच लागतात. ३००० भागिले १२० म्हणजे २५. रेट ९३.

आता इंजिनिअरिंगच्या पोराला हे गणित दिल्यावर तो काय करणार? छेद वाढवणार! शेजारच्या हॉस्टेलची मेस बेचव म्हणून प्रसिद्ध होती. तिथली मुलं आमच्याकडे यायला एका पायावर तयार. ऑगस्टमध्ये आम्ही दारं उघडली आणि मेंबर झाले २००. ३००० भागिले २०० म्हणजे १५. ५ सप्टेंबरला फळ्यावर लिहिलं : ८३. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. रेक्टर सरांनीही बोलावून 'व्वा' म्हटलं. मी तर पुढच्या वर्षीच्या जी.एस.च्या इलेक्शनची स्वप्नं बघायला लागलो होतो.

पण त्या २०० मेंबरांचं जेवण बनवत कोण होतं? महाराज एक आणि पोळ्यांना मावशी तीन. जुलैत होत्या त्याच. एका मुलाला एका वेळी सरासरी ५ पोळ्या धरा (बी.ई. मेकॅनिकलचे काही महाभाग वगळून). १२० मुलांच्या दिवसाच्या १२०० पोळ्या होतात, मावशीमागे ४००. २०० मुलांच्या २०००, म्हणजे मावशीमागे साडेसहाशेच्या वर. एक पोळी लाटायला अर्धा मिनिट धरलं तरी नुसतं लाटायचं काम सव्वातीन तासांवरून साडेपाच तासांवर गेलं. मळणं, भाजणं, आवरणं वेगळंच. पगार तोच. हा हिशोब तेव्हा कुठल्याच कागदावर नव्हता. गॅसचे सिलिंडर मात्र मी रोज मोजत होतो, कारण ते चोरीला जातात अशी आमची खात्री होती.

सप्टेंबरमध्ये रांग वाढली. पोळ्या जाड, मग कच्च्या, मग 'आज भातच घ्या' असं सुरू झालं. भाजी पुरत नाही म्हणून मोठी पातेली आणि जास्तीची शेगडी हप्त्यावर घेतली, महाराजांच्या हाताखाली एक माणूस ठेवला. पक्का खर्च ३००० वरून ३९०० वर गेला. एवढं करूनही पोळी कच्चीच, कारण पोळी पातेल्यात होत नाही. मग मुलं सोडून जाऊ लागली. नव्यांबरोबर जुनीही गेली. ऑक्टोबरअखेर उरले १३०. ३९०० भागिले १३० म्हणजे ३०. फळ्यावर ९८! जुलैपेक्षा मेंबर जास्त, जेवण वाईट आणि रेटही जास्त. तिन्ही एकाच वेळी साधणं सोपं नाही, पण आम्ही साधलं.

दिवाळीला गावी गेलेल्या तीन मावशींपैकी दोघी परतल्याच नाहीत. तिसरीचं मनगट सुजलं होतं. तिने आठवडाभर ओढलं आणि मग हात टेकले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

सुट्टीत मी रजिस्टरं चाळत बसलो, आणि एक गोष्ट दिसली. आपल्याकडे खाड्याचं रजिस्टर असतं. कोण किती दिवस जेवणार नाही त्याची नोंद, बिलातून वजा करण्यापुरती. त्यातले आकडे मी सहज ग्राफ पेपरवर मांडले. खाडे सप्टेंबरच्या दुसऱ्याच आठवड्यापासून चढायला लागले होते. मेंबर सुटायला लागले ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. म्हणजे महिनाभर आधी ते रजिस्टर ओरडून सांगत होतं आणि आम्ही त्याचा उपयोग फक्त वजाबाकीसाठी करत होतो. माहिती नव्हती असं नाहीच.

कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना हे चटकन कळेल. रेट म्हणजे आउटपुट, तोही उशिरा येणारा. ऑगस्टमध्ये केलेल्या चुकीचं खरं बिल नोव्हेंबरमध्ये फळ्यावर लागलं. मधल्या काळात तर तो आकडा उलट शाबासकी देत होता! बाथरूममधल्या गीझरचं असंच होतं बघा. नळ फिरवला तरी पाणी गार, म्हणून अजून फिरवायचा, आणि मग एकदम पाठ भाजते. उशिरा कळणाऱ्या आकड्यावरच सगळा कारभार चालवला की पाठ भाजणारच.

दुसऱ्या सेमिस्टरला आमच्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या सरांकडे रडगाणं घेऊन गेलो. त्यांनी सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही, एक झेरॉक्स हातात ठेवली. रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांचा 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधला जानेवारी-फेब्रुवारी १९९२ चा लेख. गंमत म्हणजे हे दोघेही मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर! बारा कंपन्यांबरोबर वर्षभर काम करून त्यांनी एक मांडणी केली, तिचं नाव 'बॅलन्स्ड स्कोअरकार्ड'. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नफातोट्याचे आकडे झालेल्या गोष्टी सांगतात. पुढे काय होणार ते कळायला आणखी तीन बाजूंनी बघावं लागतं. गिऱ्हाईक आपल्याकडे कसं बघतं, आतलं काम कसं चाललंय, आणि आपली माणसं शिकतायत, टिकतायत का.

ही कल्पना त्यांनाही हवेतून सुचली नव्हती. इलेक्ट्रॉनिक्सवाले ज्यांचे ऑप-ॲम्प आणि ए-टू-डी कन्व्हर्टर वापरतात त्या 'ॲनालॉग डिव्हाइसेस' कंपनीत आर्ट श्नायडरमन यांनी १९८७ साली असाच एक तक्ता बनवला होता. पैशांच्या शेजारी वेळेवर डिलिव्हरी, सदोष मालाचं प्रमाण असे आकडे. त्यांची 'हाफ लाइफ'ची युक्ती मला फार आवडली. सदोष मालाचं प्रमाण निम्म्यावर यायला किती महिने लागतात ते मोजायचं. 'सुधारणा चालू आहे' असं म्हणण्यापेक्षा हे किती स्वच्छ!

हे अमेरिकेतलंच राहिलं असंही नाही. २०००-०१ साली टाटा इंजिनिअरिंगला (पुढे जिचं नाव टाटा मोटर्स झालं) सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला होता. त्यानंतरच्या सावरण्याच्या काळात ट्रक-बस बनवणाऱ्या विभागाने, ज्याचा एक मोठा कारखाना आपल्या पुण्यात आहे, हीच स्कोअरकार्डची पद्धत राबवली. अर्थात नुसत्या तक्त्याने ट्रक विकले जात नाहीत. खर्चकपात होती, नवी मॉडेल्स होती, पुढे बाजारही सुधारला. पण शॉप फ्लोअरवरच्या माणसाला आपल्या कामाचा आणि कंपनीच्या तोट्याचा संबंध दिसणं, हा त्या पद्धतीचा भाग होता.

संबंध हा शब्द महत्त्वाचा आहे. सुरुवातीला मी चार चौकटी आखून त्यात २३ आकडे भरले. सरांनी कागद बघून विचारलं, "यातला हा आकडा बदलला तर उद्या सकाळी तू काय वेगळं करशील?" पहिल्या आकड्यालाच माझी दांडी उडाली. मग ज्याला उत्तर नाही तो आकडा खोडायचा, असं करत करत आठ उरले. त्यांच्यामध्ये आम्ही बाण काढले. मावशीमागे पोळ्या वाढल्या की जेवण उशिरा लागतं, म्हणून रांग वाढते, म्हणून खाडे वाढतात, म्हणून मेंबर सुटतात, म्हणून रेट चढतो. तक्त्यात रेट सगळ्यात वर आणि पोळ्या सगळ्यात खाली. पण गोष्ट घडते ती खालून वर. हे बाण काढल्याशिवाय चार चौकटी म्हणजे नुसती सजावट. पुष्कळ ठिकाणी तसंच होतं असं माझं मत आहे.

जानेवारीत नवीन माणसं जमवून मेस पुन्हा उभी राहत होती. मनगट बरं झालेल्या मावशीही परत आल्या. आम्ही वही-पेन्सिल घेऊन पोळ्या मोजायला लागलो, तर पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात शुकशुकाट. नेहमी चाललेल्या गप्पा बंद. तीन-चार दिवस पोळ्या भराभर निघाल्या, पण पापडासारख्या पातळ. शेवटी त्या जुन्या मावशींनी तोंड उघडलं.

"दादा, मोजताय ते कशासाठी? कुणाला काढायचंय का?"

मी चाटच पडलो. आम्ही त्यांच्या हाताला आराम मिळावा म्हणून मोजत होतो, आणि त्यांना वाटलं कमी लाटणारीला घरी पाठवणार. त्यांचंही काय चुकलं? त्यांच्या आयुष्यात आजवर ज्याने ज्याने त्यांचं काम मोजलं, त्याने पैसे कापायलाच मोजलं असणार. फ्रेमवर्कच्या पुस्तकांत हा प्रकार 'चेंज मॅनेजमेंट' नावाच्या प्रकरणात असतो, आणि मी ते प्रकरण वाचायचं सोडून दिलं होतं. मग त्यांच्याबरोबर बसून ठरवलं. मावशीमागे दिवसाला ४०० ही मर्यादा. फीस्टच्या दिवशी किंवा गेस्ट जास्त असले तर वरच्या पोळ्यांचे वेगळे पैसे. आणि मोजणार त्या स्वतः, आम्ही नाही.

दुसरा फजितवाडा उष्ट्याचा. वाया जाणारं अन्न रोज वजन करून लिहायचं असं ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात २० किलोच्या आसपास यायचं, दोन आठवड्यांत ६ किलो! मी फळ्यावर अभिमानाने लिहिलं. नंतर कळलं की आमच्या कमिटीतला एक हुशार इसम वजन करण्याआधीच दोन बादल्या गोठेवाल्याला देऊन टाकत होता. आकडा कमी आला की मी खूश होतो, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

हसू नका, आपण सगळे यात मुरलेले आहोत. हजेरी ७५ टक्के पाहिजे असा नियम आहे. हेतू काय, तर मुलांनी लेक्चरला बसावं. परिणाम काय? प्रॉक्सी! एकाच घशातून तीन वेगवेगळे 'येस सर'. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना जे म्हटलं होतं, त्याचं पुढे सुटसुटीत रूप झालं : एखादं माप हेच ध्येय झालं की ते चांगलं माप राहत नाही. हजेरीपटावर त्याचा प्रयोग आपण रोज सकाळी करतो.

मोठ्या धंद्यात याच गोष्टीने काय होतं ते बघायचं असेल तर वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेचं प्रकरण जरूर वाचा. बँकेला वाढ हवी होती. त्यासाठी माप ठरलं : एका कुटुंबामागे बँकेची किती खाती, कार्डं वगैरे आहेत. लक्ष्य आठ. आठच का, तर इंग्रजीत 'एट' आणि 'ग्रेट' यांचं यमक जुळतं म्हणून! शाखेतल्या कर्मचाऱ्यांवर रोजच्या कोट्याचं दडपण. मग त्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती उघडली, लाखोंनी. कागदावर बँक वाढत होती. सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५३०० लोकांना कामावरून काढल्याचं बाहेर आलं. पण खरी शिक्षा २०१८ ची. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने फर्मान काढलं की कारभार सुधारेपर्यंत बँकेने २०१७ अखेरच्या आकारापेक्षा मोठं व्हायचं नाही. ही बंदी उठली जून २०२५ मध्ये. वाढीचा आकडा फुगवण्याच्या नादात सात वर्षं वाढणंच बंद! आमचे नऊ दिवस त्यापुढे किरकोळ म्हणायचे.

गोठेवाल्याच्या प्रकरणानंतर आम्ही एकेका आकड्याला जोडीदार दिला. उष्टं कमी झालं म्हणता, तर 'पोट भरलं नाही' अशा तक्रारी किती आल्या? रेट उतरला म्हणता, तर मावशीमागे पोळ्या किती? एकाला फसवता येतं, दोघांना एकदम फसवायला जास्त डोकं लागतं, आणि एवढं डोकं असलेली मुलं मेस कमिटीत येत नाहीत.

फेब्रुवारीत खरी परीक्षा आली. जेवण सुधारलं होतं, चौथ्या मावशी लागल्या होत्या, आणि शेजारच्या हॉस्टेलची मुलं पुन्हा रांगेत. मावशी चार, प्रत्येकी ४००, म्हणजे १६०० पोळ्या. भागिले १०. मेंबर १६०, त्यावर एकही नाही. कमिटीत जोरदार भांडण झालं. खजिनदार, जो माझा रूम पार्टनरसुद्धा आहे, त्याने कॅल्क्युलेटर काढून २०० मेंबरांचा रेट मांडला आणि म्हणाला, "समोर आलेली लक्ष्मी ढकलतोयस." त्याचं गणित बरोबर होतं. ऑगस्टमध्ये माझंही बरोबरच होतं! चाळीस जणांना नाही म्हणावं लागलं. त्यात माझा शाळेपासूनचा एक मित्र होता. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

मार्चचा रेट लागला ८९. पातेल्यांचे हप्ते फिटले होते, महाराजांच्या हाताखालचा माणूस दिवाळीलाच सोडून गेला होता, चौथ्या मावशींचे दिवसाला ४०० वाढले होते. ३४०० भागिले १६०, अधिक ६८. करून बघा. ८३ चा विक्रम काही मोडला नाही. पोरं म्हणाली, "मागचा ८३ बरा होता की रे." मी काही बोललो नाही. पण एप्रिलमध्येही मेंबर १६०, मे मध्ये सबमिशनच्या धामधुमीतही १६०, आणि खाडे निम्म्याहून खाली. प्रतीक्षायादीवर २६ नावं होती.

त्या यादीचं काय करायचं हे यंदाच्या कमिटीपुढे आहे. पाचवी मावशी लावली तर २०० चं गणित पोळ्यांपुरतं जुळतं, पण मग महाराज एकटे पडतात, आणि जेवणाच्या हॉलमध्ये एका वेळी साठच जण बसतात. म्हणजे अडणारी जागा आता स्वयंपाकघरातून उठून हॉलमध्ये गेली आहे. नव्या सेक्रेटरीने तिथे टेबलावर कोण किती मिनिटं बसतो ते मोजायचं काढलंय. जेवण झाल्यावर गप्पा ठोकत बसणाऱ्यांची धडगत नाही.

आता मी बी.ई.ला आहे आणि सेक्रेटरीकी सुटली आहे. नव्या कमिटीने आमचा चार्ट पेपर काढून एक्सेल शीट केलंय, रंगीत आलेख वगैरे. त्यात पोळ्यांची ओळ भरायला रोज कुणीतरी स्वयंपाकघरात जातं. तिथे पिठाच्या डब्यामागे भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा असतात, पन्नासाला एक. कुठल्या रेघा कुणाच्या हे एक्सेलवाल्याला कळत नाही, त्याला विचारावंच लागतं. परवा तो विचारायला गेला तर मावशींनी त्याला आधी हात धुवायला लावले आणि एक गोळा लाटायला दिला. पोळी ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी झाली. मावशी म्हणाल्या, "ही मोजायची नाय हं."